डाव्या पायाचा मोजा

रांझी मोहल्ल्यातल्या आमच्या मैदानाला पायऱ्या नाहीत. एका अंगाला कारखान्याची उंच भिंत आहे, दुसऱ्या अंगाला नाला, आणि नाल्यावर जुनी पुलिया, म्हणजे छोटा पूल. फुटबॉलची मॅच बघायला येणारे तिच्या कठड्यावर बसतात, म्हणून आमच्याकडे बघणाऱ्यांनाच पुलिया म्हणतात. पुलिया आज खूश आहे, पुलिया आज कोणाला सोडणार नाही, असं. माझे बाबा त्या पुलियाचे जुने मेंबर. ते कारखान्यात फिटर आहेत. तरुणपणी याच मैदानावर बॅकला खेळायचे. आता पहिली शिफ्ट संपली की रिकामा डबा हातात घेऊन थेट कठड्यावर येऊन बसतात.

मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसत आले. कॉलेजात जायला लागले तेव्हापासून तिथले काका लोक सरकून जागा देतात आणि "या मॅडम" म्हणतात. त्याने मला अवघडल्यासारखं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की हिला आता सगळं येतं. खरं म्हणजे वर्गात सरांनी प्रश्न विचारला तर उत्तर माहीत असूनही माझा हात वर जात नाही. हे मी घरी कधी सांगितलेलं नाही.

दादा आमच्या टीमचा फॉरवर्ड. तो आयटीआय करून एका वर्कशॉपमध्ये लागला, पण मोहल्ल्यात त्याची ओळख त्याच्या पायांमुळेच आहे. या हिवाळ्यात जे झालं ते त्याच्या एका मोज्यावरून झालं. ते नीट सांगायचं तर आधी पुलियाच्या दोन रिवाजांबद्दल लिहावं लागेल.

पहिला रिवाज किटलीचा. मॅच हरलो की ज्याच्या चुकीने हरलो त्याने रस्त्यापलीकडच्या टपरीवरून चहाची किटली आणायची आणि पुलियावर बसलेल्या प्रत्येकाला आपल्या हाताने चहा द्यायचा. चहा प्यायला म्हणजे विषय संपला, पुन्हा त्या चुकीबद्दल बोलायचं नाही. एखाद्याला माफ करायचं नसेल तर त्याने आपला ग्लास कठड्यावर उलटा ठेवायचा. ग्लास उलटे राहिले तर येत्या रविवारी त्या माणसाने पुन्हा किटली आणायची. तेव्हाही उलटेच राहिले, तर त्याने मैदान सोडायचं. माझ्या आठवणीत गोष्ट रविवारपर्यंत कधी गेली नव्हती. लोक ओरडतात, शिव्या देतात आणि शेवटी चहा पितात.

दुसरी गोष्ट मोज्याची. बाबांच्या काळी मॅच अगदी अटीतटीला आली की खेळाडू मोजे घोट्यापर्यंत उतरवायचे आणि नडगीवरच्या पट्ट्या काढून फेकायचे. आता हाडावर खेळतो, लागलं तर लागू दे, असा त्याचा अर्थ. पुलियावरच्या म्हाताऱ्यांना आजही उतरलेला मोजा दिसला की अंगात येतं.

आणि आमच्या नव्या कोचने त्याच मोज्याची दुसरीच खूण केली होती.

कोच एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. हिंदी बोलतात, मराठी कळते. कमी बोलतात, आणि पुलियाला त्यांचं हेच आवडत नाही. याला का बसवलं, त्याला का खेळवलं, असं विचारलं तर "मेरा फ़ैसला था" एवढंच म्हणतात. ते यायच्या आधी आमचा एक मुलगा घोट्याचं हाड तडकलेलं असताना पूर्ण मॅच खेळला होता. बाहेर गेलो तर पुलिया काय म्हणेल, या भीतीने. तो मुलगा आता खेळत नाही. हे ऐकल्यावर कोचने नियम केला: ज्याला पुढे खेळणं जमणार नाही त्याने हात करायचा नाही, बसायचं नाही, फक्त डावा मोजा खाली करायचा. मी काढून घेईन. कारण नंतर एकट्याला विचारीन, आणि ते माझ्यापाशीच राहील. बाहेरच्यांना खूण कळता कामा नये.

दादाने मला ती दाखवली होती. आई पोळ्या लाटत होती, तिच्याजवळ पाय लांब करून त्याने मोजा खाली सरकवला आणि म्हणाला, "हे असं. बाबांना नको सांगू हं."

"पाय घे तिकडे," आई म्हणाली, "पिठात जाऊन राहिली माती."

एवढंच. माझ्याही डोक्यातून ते जवळजवळ गेलं होतं.

सेमीफायनल गढा मोहल्ल्याच्या टीमशी होती. त्यांच्याकडून दोन टेम्पो भरून माणसं आली होती आणि आमची पुलिया तर पार भरली होती. दोन्हीकडे एकेक गोल. आमचा दादाने मारला होता, लांबून, डाव्या पायाने. बाबांनी त्या गोलनंतर डब्याचं झाकण कठड्यावर एवढं आपटलं की ते वाकडं झालं. वेळ संपत आली होती. बरोबरी राहिली तर थेट पेनल्टी, आणि आमच्याकडून पहिली पेनल्टी नेहमी दादा घेतो.

चेंडू बाहेर गेला होता. दादा मध्यभागी उभा होता. तो वाकला आणि त्याने डावा मोजा घोट्यापर्यंत खाली केला.

पुलिया उठून उभी राहिली.

"उतरवला! मोजा उतरवला!" बाबा ओरडले. त्यांनी शेजारच्या काकांच्या पाठीवर थाप मारली. हे काका एकेकाळी टीमचे गोलकीपर होते, आणि आता सगळ्या मॅचभर फक्त टोमणे मारतात.

"अबे, एकच उतरवला," गोलकीपर काका म्हणाले. "दुसरा काय धुवायला टाकला?"

"दुसरा गोल मारून उतरवेल! बघत राहा तुम्ही!"

सगळे हसले. मला मात्र पोळ्यांजवळ दाखवलेली ती खूण आठवली. मी कोचकडे बघितलं. ते बाकड्यावरून उठले होते, आणि पोरांमधल्या सगळ्यात लहान खेळाडूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काहीतरी सांगत होते.

"अरे! अरे, काहून काढून राहिला हा याला?" बाबांचा आवाज फाटला. "कोच साहब! ओ कोच साहब! दिमाग घर पे छोड़ के आए क्या?"

"मोजा उतारे हुए आदमी को कौन निकालता है, भैया?" मागून कोणीतरी म्हणालं.

दादा बाहेर आला, मान खाली घालून. चालत आला, लंगडत नव्हता. मी ते नीट बघितलं. त्याच्या जागी गेलेल्या मुलाकडून थोड्याच वेळात चेंडू हुकला, गढ्याच्या पोरांनी तो पळवला, आणि शेवटच्या शिट्टीच्या जरा आधी आमच्या जाळीत मारला.

शिट्टी झाली तशी गोलकीपर काकांनी कठड्यावर ग्लास मांडायला घेतले.

तो लहान मुलगा रडत टपरीकडे गेला. रिवाज त्यालाही माहीत होता. किटली घेऊन रस्ता ओलांडत होता, तेवढ्यात कोचनी ती त्याच्या हातातून घेतली. "आज ये मेरी है," म्हणाले. मग ते स्वतः पुलियाच्या एका टोकाकडून चहा द्यायला निघाले. पहिलेच बाबा बसले होते.

बाबांनी विचारलं, "आधी एवढं सांगा सर जी, माझ्या पोराला का काढलं? मोजा उतरवला होता त्याने. दिसला नाही तुम्हाला?"

"दिखा था," कोच म्हणाले.

"मग?"

"मेरा फ़ैसला था."

बाबांनी ग्लास उलटा ठेवला. मग गोलकीपर काकांनी. मग कठड्यावर ग्लास उलटे होण्याचा आवाज टोकापर्यंत गेला, टक, टक, टक. कोच भरलेली किटली घेऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे टीम उभी होती आणि टीममध्ये दादा. तो बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

घरी आल्यावर बाबा थांबेनात. आई ताट वाढत होती आणि ते भाताला हात न लावता बोलत होते. "याच्यात दम होता आज. मी डोळ्यांनी बघितलं. आमच्या वेळी मोजा उतरला की विरोधी टीम घाबरायची. आणि हा माणूस त्याला बाकड्यावर बसवून राहिला!" मग दादाकडे वळून, "तू काहून नाही बोललास त्याला? म्हणायचं, मी नाही जात बाहेर."

"जाऊ द्या ना बाबा," दादा म्हणाला.

"काहून जाऊ द्या? रविवारी हा फैसला होईलच. ग्लास सुलटा होत नाही आता."

जेवण झाल्यावर दादा मागच्या नळावर बूट धूत बसला. मी तिथे गेले.

"लागलं होतं का तुला?"

तो ब्रश घासत राहिला.

"दादा, लागलं होतं का?"

"नाही."

"मग?"

त्याने दुसरा बूट नळाखाली धरला. मग तो म्हणाला, "पेनल्टीवर जाणार होती मॅच."

पुढचं त्याने मला सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षीच्या फायनलला दादाची पेनल्टी गोलवरून उडून कारखान्याच्या भिंतीवर आपटली होती. किटली त्याने आणली होती, सगळ्यांनी चहा प्यायला होता. रिवाजाप्रमाणे विषय संपला होता. पण गोलकीपर काका अजूनही त्याला बघितलं की "भिंतीला विचार रे, दुखते का" म्हणायचे. कोणी घरी आलं की बाबाही हसत हसत ती पेनल्टी सांगायचे. हसत सांगायचे, म्हणून मला कधी काही वाटलं नव्हतं.

"पाय कापायला लागले होते माझे," दादा म्हणाला. "खरंच कापून राहिले होते. मला वाटलं, पुन्हा भिंतीवर गेली तर मी या मोहल्ल्यात राहू शकत नाही."

"मग बाबांना हे सांग."

"पागल आहे का तू?"

"सरांना काढतील, दादा."

"सर कुठे काही बोलले? ते बोलणारच नाहीत." हे सांगताना त्याच्या आवाजात जरा सुटल्यासारखं वाटलं, आणि ते त्यालाही ऐकू आलं असावं. त्याने नळ बंद केला आणि बूट तसेच ओले घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला बोलावलं. रविवारी किटलीच्या आधी पुलियाकडून एकाने उभं राहून तक्रार मांडायची असते. बाबांनी ठरवलं होतं की ती मी मांडावी.

"मी? बाबा, मला नाही जमणार."

"काहून नाही जमणार? कॉलेजात जाते ना तू? मी बोललो तर मला राग येतो, शिवी निघते तोंडातून. मग तो म्हणेल, अनपढ लोक आहेत, यांना खेळातलं काय कळते. तू साफ बोलशील. आपल्याकडून एक तरी शिकलेला माणूस उभा राहिला पाहिजे."

त्यांना नाही म्हणणं मला कठीण गेलं. ज्या दिवशी मी कॉलेजात प्रवेश घेतला त्या दिवशी त्यांनी मोहल्ल्यात पेढे वाटले होते. त्यांना वाटत होतं की कॉलेज म्हणजे बोलता येणं. मी काय सांगणार होते, की वर्गात मी मागच्या बाकावर बसते?

ते सगळे दिवस मी बसमध्ये तेच वाक्य जुळवत होते. मोजा उतरवलेल्या खेळाडूला बाहेर काढणं चूक होतं. एवढं साधं वाक्य, पण ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे पुलियावर फक्त मला माहीत होतं. खरं सांगून टाकावं असंही वाटायचं. मग डोळ्यांसमोर दादाचा नळावर वाकलेला चेहरा यायचा. नेपियर टाउनला उतरून कॉलेजकडे चालताना दोनदा मी रस्ता चुकले, इतकी मी माझ्यात नव्हते.

शेवटी एका संध्याकाळी मी प्रॅक्टिस संपायच्या वेळी मैदानावर गेले. कोच प्रॅक्टिससाठी मांडलेले शंकू गोळा करत होते. मी त्यांना म्हटलं, "सर, मला माहीत आहे. डाव्या मोज्याचं."

ते थांबले. "उसने बताया?"

"खूप आधी दाखवलं होतं. सर, रविवारी मला बोलायला सांगितलंय. तुमच्या विरुद्ध. मी खरं सांगितलं तर पाच मिनिटांत मिटेल."

त्यांनी शंकू एकात एक घातले आणि ते ओझं काखेत धरून माझ्याकडे बघितलं. "बेटा, एक बार बात मेरी तरफ़ से बाहर गई, या तुम्हारी तरफ़ से, तो कल से कोई मोज़ा नहीं उतारेगा. टूटे घुटने पर खेलेगा, पर उतारेगा नहीं."

"पण दादाचा घुटना तुटला नव्हता."

"मुझे मालूम है." ते म्हणाले, "डर भी चोट है. पर उसका हिसाब उसको देना है. मैं उससे अकेले में बोल चुका हूँ. अब वो जाने."

"आणि रविवारी त्यांनी तुम्हाला काढलं तर?"

"तो शाम को घर पे रहूँगा. बीवी खुश होगी." ते हसले, पण शंकू पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. मैदानाकडे एकदा बघून घेतलं त्यांनी. मला कळलं की त्यांना जायचं नाहीये.

मी घरी जाऊन दादाला एवढंच सांगितलं की मी सरांकडे गेले होते.

तो भडकला. "तुला कोणी सांगितलं होतं मधे पडायला? कॉलेजवाली झाली म्हणून सगळ्यांचा न्याय करशील का?"

"मी न्याय नाही करत. मला उभं केलंय बाबांनी. मी काय बोलू, तूच सांग."

"जे बाबा म्हणतात ते बोल."

"ते खोटं आहे."

"मग नको बोलू!"

"बरं," मी म्हटलं. "नाही बोलणार." आम्ही दोघं असं कधी भांडलो नव्हतो. आईने आतून विचारलं, "काय होऊन राहिलं तिकडे?" आणि दोघंही एकदम म्हणालो, "काही नाही."

रविवारी सकाळी ऊन कोवळं होतं आणि पुलिया गच्च. मॅच नसताना एवढी माणसं मी तिथे कधी बघितली नव्हती. टीम खाली मैदानाच्या कडेला प्रॅक्टिसच्या कपड्यांत उभी होती. कोच किटली घेऊन आले आणि कठड्यापासून थोडं दूर थांबले. किटलीच्या तोंडातून वाफ निघत होती. कठड्यावर ग्लास मांडलेले होते, सगळे उलटे.

"चलो, मॅडम बोलणार आपल्याकडून," गोलकीपर काकांनी जाहीर केलं. "ऐका रे सगळे. आज साफ भाषा ऐकायला मिळेल. इंग्रजीत सुरू झाली तर मला इशारा करा, मी डोकं हलवेन."

लोक हसले. मी उभी राहिले. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता, माझ्या बोलण्यासाठी.

मी तोंड उघडलं आणि माझा आवाजच निघेना. वर्गात होतं तसंच झालं. मागून कोणीतरी म्हणालं, "ज़ोर से, दीदी."

"मला..." मी म्हटलं, "मला सांगायला सांगितलं होतं की मोजा उतरवलेल्या खेळाडूला काढणं चूक होतं."

"बराबर!" बाबा म्हणाले.

"मी ते नाही म्हणू शकत."

कोणाला कळेना. बाबा अर्धवट उठले. "काय? काहून?"

"मला नाही वाटत ते चूक होतं. का, ते मी नाही सांगणार. ते सांगायचा हक्क माझा नाही." मी खाली बसले.

"अरे, ही काय पलटी मारली पोरीने?" कोणीतरी म्हणालं. "कोचने फोडलं काय हिला?"

बाबांचा चेहरा लाल झाला होता. ते माझ्याशी बोलले नाहीत. कोचकडे वळून म्हणाले, "चला सर जी. बोलणं झालं. ग्लास बघा आणि निघा."

कोचनी मान हलवली आणि किटली खाली ठेवायला वाकले.

तेवढ्यात दादा टीममधून पुढे आला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, म्हणून मला आधी फक्त त्याचे बूट दिसले. कोचच्या हातातून किटली घेताना त्याच्या हाताला चटका बसला, "स्स" झालं. त्याने कडी दुसऱ्या हातात धरली.

"ही माझी किटली आहे," तो म्हणाला.

"तू काहून?" बाबा ओरडले. "तू गोल मारला होता!"

"मी मोजा उतरवला होता, बाबा. एकच. डावा. सरांनी सांगितलेली खूण आहे ती. बाहेर जायचं असलं की करायची." तो भरभर बोलत होता, जणू थांबला तर पुन्हा सुरू होता येणार नाही. "मी स्वतः बाहेर गेलो. पायाला काही झालं नव्हतं. पेनल्टी घ्यायची नव्हती मला."

बाबा कठड्यावर परत बसले.

"सरांना माहीत होतं. ते बोलले नाहीत. मी पण बोललो नाही," दादा म्हणाला. मग गोलकीपर काकांकडे बघून म्हणाला, "आणि काका, मागच्या वर्षी तुम्ही माझ्या हातचा चहा प्यायला होता. पिऊन पण सोडलं नाही मला. वर्षभर भिंत, भिंत, भिंत. तर मग हा चहा कशाला असतो, ते तरी सांगा."

गोलकीपर काकांनी आपला ग्लास उचलला, बोटांत फिरवला आणि सुलटा करून पुढे धरला. "भर," म्हणाले. "आता खरंच नाही म्हणणार. बायकोची शपथ."

"काकूला मध्ये नका आणू," दादा म्हणाला, आणि त्याने ग्लास भरला.

मग बाकीचे ग्लास सुलटे होऊ लागले. आवाज तोच, टक, टक, पण हळू, एकेक करून. दादा चहा ओतत बाबांपर्यंत आला. बाबांचा ग्लास उलटाच होता. ते मैदानाकडे बघत बसले होते, जिथे कोणीही नव्हतं. दादा किटली धरून समोर उभा राहिला. कोच आले, बाबांच्या पलीकडे कठड्यावर बसले आणि एक रिकामा ग्लास घेऊन दादासमोर धरला. दादाने भरला. कोचनी घोट घेतला.

"ठंडी हो रही है," ते कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले.

मग बाबांनी ग्लास सुलटा केला. दादाकडे बघितलं नाही.

"अर्धा," ते म्हणाले.

दादाने अर्धा भरला.

घरी चालत येताना बाबा माझ्या पुढे होते. वळणावर थांबून त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी घरात एवढा ओरडत होतो, तेव्हाही?"

"हो, बाबा."

ते पुन्हा चालायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "ती पेनल्टी मी पण सांगत होतो ना लोकांना."

दादाला कोचनी पुढच्या दोन मॅच खेळवलं नाही. त्याने कुरकुर केली नाही. रोज प्रॅक्टिसनंतर तो एकटा पेनल्टी मारत थांबतो, आणि भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. त्याच्याशी बाबा अजून मोजकंच बोलतात. उरलेला अर्धा ग्लास कधी भरेल, हे त्या दोघांनाच माहीत.

मोज्याची खूण अर्थातच बदलावी लागली, आता ती सगळ्या रांझीला ठाऊक झाली होती. नवी खूण काय आहे हे दादाने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. परवाच्या मॅचला आमचा चांगला खेळत असलेला हाफबॅक कोचनी मध्येच काढला. बाबा ताडकन उठले. "अरे, काहून काढून..." एवढं म्हणाले आणि थांबले. मग त्या पोराच्या मोज्यांकडे, हातांकडे, कॉलरकडे बघत राहिले, तो बाकड्यावर जाऊन बसेपर्यंत.

"काय दिसलं?" गोलकीपर काकांनी विचारलं.

"काही नाही दिसलं," बाबा म्हणाले. खाली बसले. थोड्या वेळाने दात आवळून पुटपुटले, "तरी पण काढायला नको होतं."